दोन ठोके म्हणजे थांब

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे. लिंग: पुरुष. वय: निवृत्तीच्या उंबरठ्यावर, परंतु इसमास उंबरठा मान्य नाही. उंची: मध्यम, कामाच्या वेळी छताखाली हातभर. बांधा: काटक. ओळखखूण: डाव्या भुवईवर भाजल्याचा जुना व्रण (दिवा तापलेला होता, चूक दिव्याची). हुद्दा: प्रकाश-साहाय्यक, उंचीवरील कामास पात्र. तोल: उत्तम. राहणार: चौथा मजला. सवयी: चहा, आणि चहाविषयी तक्रार. स्वभाव: क्षमाशील. शेवटची नोंद इसमाने स्वतः पुरवलेली आहे.

यातलं निम्मं नाट्यगृहाच्या कचेरीतल्या फायलीत होतं. उरलेलं निम्मं तिथल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नाव मात्र कुणी फारसं घेत नसे. त्याला सगळे 'वरचा' म्हणत आणि त्याच्या जोडीदाराला 'खालचा'. यात मानापमान काही नव्हता, नुसता भूगोल होता.

रंगमंचाच्या वर लोखंडी नळ्या आडव्या टांगलेल्या असतात आणि त्या नळ्यांना दिवे. नाटक बदललं की दिव्यांची तोंडं बदलायची. त्यासाठी चाकांची उंच शिडी असते. वरचा पाना घेऊन चढायचा, दिवा सैल करायचा, वळवायचा, आवळायचा. एक दिवा झाला की खाली उतरायचं, शिडी सरकवायची आणि पुन्हा चढायचं, असा नियम आहे. नियम करणाऱ्याला दिवे लावायचे नव्हते. प्रत्यक्षात वरचा वरच उभा राहायचा आणि खालचा शिडी ढकलत त्याला पुढच्या दिव्याखाली नेऊन ठेवायचा. खाली बहुतेक वेळा तालीम चाललेली असे, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती. वरच्यानं पान्यानं शिडीच्या दांडीवर एक ठोका दिला की ढकल, दोन दिले की थांब. ही त्या दोघांची भाषा. तिच्यात व्याकरण कमी होतं, म्हणून भांडणंही कमी होती.

खालच्याला उंचीची भीती होती आणि ती तो प्रामाणिकपणे पाळायचा. वरच्याच्याच इमारतीत तो तळमजल्यावर राहायचा. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, अरे-तुरेनं बोलायचे, एकाच डब्यात जेवायचे. तो डबा खालच्याची बहीण आणून द्यायची. पुढे तिनं तो फक्त वरच्यालाच द्यायचं ठरवलं आणि लग्न झालं. त्या दिवशी सकाळपर्यंत 'अरे गाढवा' म्हणणारा खालचा संध्याकाळी 'अहो दाजी, तुम्ही' म्हणू लागला आणि मग कधीही चुकला नाही. वरच्यानं 'तू' तसंच ठेवलं, फक्त मागे 'मेव्हणे' लावलं. शिडीवर जागा ठरलेल्या होत्या, त्या नात्यातही ठरून गेल्या.

मग तो पान्याचा प्रसंग झाला.

तालीम चालू होती. वरचा एका दिव्याच्या मागे डोकं घालून उभा होता. डावा हात दिव्यावर, उजवा पान्यासकट दांडीवर टेकवलेला. खाली ठोका ऐकू आला. खालच्यानं ढकललं. वरच्यानं ठोकलं नव्हतं. शिडी पायाखालून सरकली, तो नळीला लोंबकळला आणि पाना सुटून थेट सिंहासनात जाऊन पडला. राजा त्या वेळी प्रधानाशी भांडायला उठला होता, म्हणून नाटकाला राजा उरला.

खाली उतरल्यावर वरचा म्हणाला, "मी ठोकलं नव्हतं."

"मला ऐकू आलं, दाजी."

"मेव्हणे, जे नसतं ते तुला ऐकू येतं. उद्या जे असेल ते ऐकू येणार नाही."

खालच्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हाताकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं."

वरच्यानं त्याला तिथल्या तिथे माफ केलं, राजा-प्रधानांसमोर. पण क्षमा ही लोकरीच्या कपड्यासारखी असते. एकदा करून भागत नाही, मधून मधून बाहेर काढून तिला ऊन दाखवावं लागतं. वरच्यानं ती चहाच्या टपरीवर दाखवली, कचेरीत दाखवली, रंगभूषेच्या खोलीत दाखवली. "वय झालंय त्याचं," तो म्हणायचा. "कान गेलेत. पण मी सांभाळून घेतो. घरचाच आहे." खालचा शेजारी मान खाली घालून उभा राहायचा. वरच्याला ते फार शोभून दिसलं.

त्याच सुमारास टपरीवरची चहावाली त्याला अर्धाच कप चहा देऊ लागली. इतरांना काठोकाठ, याला अर्धा. त्यानं व्यवस्थापकांकडे तक्रार केली. व्यवस्थापक एरवी तक्रारीवर भांडायचे, या वेळी नुसतं "बघतो" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एकदा दिव्यापुढचा रंगीत कागद करपून सगळ्या सभागृहात वास भरला, तेव्हा वरचा त्याच दिव्याशी उभा होता आणि त्याला पत्ता नव्हता. पूर्वी असा वास सगळ्यांत आधी त्यालाच यायचा. त्यानं निष्कर्ष काढला की हल्लीचे रंगीत कागद बिनवासाचे येतात.

एका संध्याकाळी खालचा चौथ्या मजल्यावर आला. उंची असून आला, यातच काय ते समजायला हवं होतं.

"दाजी, माझं काहीतरी बिनसलंय," तो खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला. "हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, कंपवात असू शकतो. एका ठिकाणी अभ्यास चाललाय, कानातून तपासतात म्हणे. जाऊन बघा म्हणाले."

"कानातून? मग बरोबर आहे," वरचा म्हणाला. "मी केव्हापासून सांगतोय, तुझा कानच."

"त्यांना एक निरोगी माणूसही हवाय. त्याच वयाचा. तुलनेला."

वरचा ताठ बसला. निरोगी म्हणून निवड व्हायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. ती मागे न वळता म्हणाली, "जा हो. दादाला सोबत होईल."

बसमध्ये वरच्यानं मेव्हण्याला धीर दिला. आजाराला घाबरायचं नसतं, शिडी धरायला दुसरा कुणीतरी मिळेल, तुला कुठेतरी बसून करायचं काम बघू, मी व्यवस्थापकांशी बोलतो. खालच्याचा उजवा हात मांडीवर खरोखर थरथरत होता. डॉक्टरांसमोर गेल्यावर त्याचा डावा थरथरू लागला. वरच्याच्या हे लक्षात आलं आणि आजार फार वेगानं पसरतोय म्हणून त्याला भरून आलं.

दोघांच्या तपासण्या सारख्याच. अंगठा आणि बोट एकमेकांवर भराभर आपटा. इस्पितळाच्या बोळातून त्या टोकापर्यंत चालून या. लहान लहान बाटल्या हुंगा. खालच्यानं लवंग, साबण, संत्रं असं बिनचूक सांगितलं. वरच्यानं प्रत्येक बाटली हुंगून परत ठेवली आणि डॉक्टरबाईंकडे बघून हसला. निरोगी माणसाची परीक्षा घ्यायला रिकाम्या बाटल्या ठेवतात, हे त्यानं ओळखलं होतं. डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग खुर्ची.

खोलीच्या भिंतींना स्पंज होता आणि बाहेरचा आवाज आत येत नव्हता. मधोमध दंतवैद्याची असते तशी, पण जास्त शिकलेली दिसणारी खुर्ची. तिथली तंत्रज्ञ मुलगी हसतमुख होती. तिनं मऊ टोकाची बारीक तार कानात पार पडद्याजवळ नेऊन ठेवली आणि कपाळाला एक चकती चिकटवली.

"आजोबा, दुखत नाही ना?"

"आजोबा तो. बाहेर बसलाय तो. मी तुलनेला आलोय."

"बरं, काका. आता डोळे मिटायचे आणि अंग सैल सोडायचं. खुर्ची कलेल, मागे, बाजूला. तुम्ही काही करायचं नाही."

"मग तपासता काय? ऐकायला काहीच नाही."

"कान नुसता ऐकायला नसतो. आत तोलाचं यंत्रही असतं," ती म्हणाली. "खुर्ची कलली की तिथल्या नसांमध्ये हालचाल होते आणि मेंदूला कळवलं जातं, आपण कललो म्हणून. ती हालचाल ही तार टिपते. कंपवाताच्या माणसांत तिची धाटणी वेगळी येते का, ते आम्ही बघतोय."

"म्हणजे ठोका बरोबर पडतो का, ते."

"तसंच म्हणा."

खुर्ची कलली. मिटल्या डोळ्यांनी वरच्याला बरं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांनी अधांतरी इकडून तिकडे जायची सवय झालेल्या माणसाला ही खुर्ची ओळखीची होती. सरळ झाल्यावर त्यानं अभिप्राय दिला, "तुमचं यंत्र थांबताना हिसका देतं. आमचा मेव्हणा आजारी आहे, पण ढकलतो याच्यापेक्षा चांगला."

त्याच्यानंतर खालचा आत गेला आणि बाहेर आला. बऱ्याच वेळानं ती मुलगी बाहेर आली. आता हसतमुख नव्हती.

"तुमच्यापैकी पेशंट कोण?"

वरच्यानं मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हा. का?"

"मग माझ्याकडून नावाच्या पट्ट्या बदलल्या असणार. सॉरी हं. पुन्हा एकदा घ्यावं लागेल."

खालचा जमिनीकडे बघत होता. वरचा उठला. मुलीची नोकरी जाऊ नये म्हणून त्यानं तिलाही माफ केलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. पुन्हा तार, पुन्हा कलणं, पुन्हा तो हिसका. या वेळी मुलगी संगणकाच्या पडद्यासमोरून उठलीच नाही. तिनं डॉक्टरबाईंना बोलावलं.

डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. "पट्ट्या बदललेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. त्या वरच्याकडे बघत होत्या. "तुम्ही चालताना उजवा हात हलत नाही, माहितीय तुम्हाला? आत्ता मांडीवर ठेवलाय, बघा."

वरच्यानं पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, तंबाखू मळावी तसं. तो तंबाखू खात नव्हता. त्यानं हाताला बघितल्याबरोबर हात थांबला, चोरी पकडल्यासारखा.

"कानातली नोंद एकटी काही ठरवत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आमचा अजून अभ्यासच चाललाय. पण नोंद, हात, चाल, नाक, सगळं एकाच बाजूला बोट दाखवतंय. मी चिठ्ठी देते, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. औषधानं फरक पडतो." मग त्या खालच्याकडे वळल्या. "तुम्हाला मात्र काहीही झालेलं नाही."

"माहितीय," खालचा म्हणाला.

"काय माहितीय?"

"अदलाबदल मी घरूनच करून आणली होती."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे खोटी माहिती दिलीत. मग दोघांचीही नावं अभ्यासातून काढावी लागतील." तशी त्यांनी काढली. ज्या नोंदीनं वरच्याचं आयुष्य फिरवलं, ती कुठेच धरली गेली नाही.

बाहेर बोळात एक बाक होतं. वरचा बसला नाही.

"कधीपासून?"

"दाजी, आधी बसा."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"शिडीतून कळायचं," खालचा म्हणाला. "तुम्ही वर हात टेकवून नुसते उभे राहिलात की खाली माझ्या हाताला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. काम करताना नाही, नुसते उभे असताना. मला वाटलं, चाकं सैल झालीत. चाकं बदलून घेतली."

"ती चाकं त्यासाठी बदललीस?"

"हो. मग वाटलं, माझेच हात बिघडलेत. मग तो ठोका आला."

"मी ठोकलं नव्हतं."

"नव्हतंच. पाना ठोकत होता. तुम्ही नव्हता."

वरच्यानं समोरच्या भिंतीवरचा बाण पाहिला. बाण क्ष-किरण विभागाकडे जात होता.

"आणि तू म्हणालास, चुकलं माझं."

"मग काय म्हणायचं होतं? राजासमोर?"

"राजा गेला खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी सांगायचं होतंस. त्यानंतर कुठल्याही दिवशी सांगायचं होतंस. मी तुला माफ केलं, मेव्हणे. चारचौघांत केलं. त्या चहावालीसमोर केलं. तू मान खाली घालून उभा राहिलास आणि मला करू दिलंस."

"तुम्हाला बरं वाटत होतं ते."

यापेक्षा खुर्चीचा हिसका परवडला. वरच्याला आता एकेक गोष्ट आठवू लागली आणि प्रत्येकीला मागची बाजू निघू लागली. "अर्धा कप चहा," तो म्हणाला.

"सांडायचा तुमच्या हातून. ती म्हणाली, भरून देत नाही, म्हणजे कळणार नाही त्यांना."

"व्यवस्थापक?"

"त्यांना मीच सांगितलं. ते म्हणाले, तपासणीचा कागद आला की शिडी बंद. तोवर मी एका ठोक्यावर ढकलतच नव्हतो. वर बघून, तुमचं तोंड बघून ढकलायचो."

"म्हणजे इतके दिवस मी उगाच ठोकत होतो."

एकदम खालच्याचा आवाज फुटला. "अरे, पडला असतास तू. सरळ सांगितलं असतं तर आला असतास इथे? आला असतास का रे?"

लग्नानंतर पहिल्यांदा तो 'अरे' म्हणाला होता. वरच्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"दाजी म्हण," तो म्हणाला, आणि बसस्टॉपकडे एकटा निघाला. उजवा हात हलत नव्हता. त्यानं तो मुद्दाम हलवून पाहिला. ते आणखी वाईट दिसलं.

घरी बायकोनं दार उघडलं आणि काही विचारलं नाही, यावरूनच त्याला उत्तर मिळालं. तरी त्यानं विचारलं.

"तुलाही माहीत होतं?"

"तुमच्या शर्टाची बटणं मी लावते हल्ली. तुम्हाला काय वाटलं, या वयात मला हौस आली?"

"मला तेच वाटलं होतं," वरचा म्हणाला.

ती ओट्याकडे वळली. तिचे खांदे हलत होते. त्यानं ते पाहिलं, आणि जवळ गेला नाही. "मग कुणाला माहीत नव्हतं?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला," ती म्हणाली. "दादा म्हणाला, सांगितलं तर हे दुसऱ्या दिवशी मुद्दाम वरच्या नळीवर चढून दाखवतील. नसता चढलात?"

चढला असता. हे त्यालाही ठाऊक होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. हात पुष्कळ शांत झाला. काही दिवस तर इतका शांत असायचा की झालं ते सगळं कुभांड वाटावं. वरच्यानं व्यवस्थापकांना तो शांत हात टेबलावर ठेवून दाखवला. व्यवस्थापकांनी त्याचं कौतुक केलं आणि शिडी दिली नाही. आता तो सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत बसून दिव्यांची बटणं वर-खाली करतो. शिडीवर नेपथ्यातला सुतार चढतो. त्याची शिडी खालचाच धरतो. काचेच्या आड ठोके पोचत नाहीत. फक्त शिडी सरकलेली दिसते, थांबलेली दिसते. चहावाली अजून अर्धाच कप देते. तो कप वरचा तिथेच ठेवून येतो. माफ करणं त्यानं सोडून दिलंय.

मेव्हण्याशी तो कामापुरता बोलतो. "लावला." "बंद केला." तरी संध्याकाळी दोघं एकाच बसनं येतात, कारण बस एकच आहे. इमारतीच्या जिन्याला तळापासून वरपर्यंत एकच सलग लोखंडी कठडा आहे. वरचा तो धरून चढू लागतो. खालचा आपल्या दाराचं कुलूप काढत नाही. तो कठड्याच्या तळाशी हाताचा पंजा ठेवून उभा राहतो आणि वर न बघता ऐकत राहतो, हातानं. वरच्याला हे माहीत आहे. आपल्या मजल्यावर पोचल्यावर किल्लीनं कठड्यावर दोन ठोके दिले, की खालचा घरात जाईल. किल्ली त्याच्या हातात असते. तो ठोके देत नाही. दार उघडतो, आत जातो, लावून घेतो. खालचा किती वेळ तसाच उभा राहतो, हे त्यानं कधी वाकून पाहिलेलं नाही.

कचेरीचा आदेश मागाहून आला. त्यात म्हटलं होतं: सदर इसमाच्या तोलाविषयी प्राप्त वैद्यकीय अभिप्राय विचारात घेता, त्यास उंचीवरील कामास अपात्र ठरविण्यात येत असून, सुरक्षिततेच्या दृष्टीने कोणत्याही परिस्थितीत जमिनीपासून तीन फुटांहून अधिक उंचीवर जाण्यास याद्वारे मनाई करण्यात येत आहे. आदेश तात्काळ अमलात येईल.

इमारतीला लिफ्ट नाही.